कोगनोळीच्या अलीकडचं अंडं

'मी बेळगावची' असं सांगितलं की पुण्या-मुंबईकडचा माणूस आधी गालातल्या गालात हसतो आणि मग म्हणतो, "म्हणजे रावसाहेबांच्या गावच्या तुम्ही!" पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला म्हणून बेळगावात राहिले, तिथं त्यांना कृष्णराव हरिहर, म्हणजे हे रावसाहेब, भेटले, १९६६ साली त्यांच्यावरचा लेख घेऊन 'गणगोत' आलं आणि तेव्हापासून आमच्या गावाची किंमत त्या एका माणसाच्या शिव्यांवर ठरते. पाहुण्याला वाटतं, आता ही बाई चहा ओतता ओतता एखादी कचकचीत शिवी हासडणार. मी आपली साखर किती म्हणून विचारते. बिचाऱ्याचा चेहरा पडतो.

रावसाहेब विनोदी होते की नाही, याबद्दल माझ्या मनात बरीच वर्षं शंका आहे. मनात आलं ते त्यांनी तोंडावर बोलून टाकलं. समोरचा हसेल की चिडेल याचा हिशेब त्यात नव्हता. हिशेब नसलेला माणूस मोकळा असतो, दिलदार असतो, त्याच्यावर जीव जडतो. पण त्याला विनोदी म्हणताना माझी जीभ अडते. त्या जोडीतला विनोदी माणूस दुसराच होता, आणि तो त्या वेळी गप्प बसून ऐकत होता. पुलंचा हात पेटीवर बसलेला होता, आणि पेटी वाजवणाऱ्याचा कान समोरच्या गळ्याकडे लागलेला असतो. रावसाहेबांच्या कानडी हेलाच्या मराठीत दुसऱ्या कुणाला व्याकरणाच्या चुका दिसल्या असत्या. पुलंना तिच्यातली लय ऐकू आली.

त्या चुकांचं म्हणाल, तर त्यांना कारण आहे. कानडीत पुल्लिंग-स्त्रीलिंग माणसांपुरतं, देवादिकांपुरतं. बाकी सगळी सृष्टी नपुंसकलिंगी. त्यामुळं कानडी माणूस मराठी बोलायला लागला की खुर्ची 'मोडलं' आणि गाडी 'आलं'. आमच्या गल्लीत यावर नकला करणारी मुलं चिक्कार होती. ती हसवायची, पण त्यांतल्या एकालाही कुणी विनोदी म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांच्याच वर्गातला एक मुलगा मात्र कानडी दुकानदाराकडे जाऊन स्वतःच्या मोडक्या कानडीत बोलायचा, दुकानदार हसायचा, मुलगाही हसायचा आणि उधारीवर पेन घेऊन यायचा. नकला करणाऱ्यांना रोखीनंसुद्धा दुकानदार पेन तोंडावर फेकल्यासारखं द्यायचा. स्वतःचं हसू आधी करून घेतलं की दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायची परवानगी मिळते, हे त्या पोराला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

आमच्या मुलखात हा कान तयार होतो तो सक्तीनं. खडे बाजारातून गणपत गल्लीकडे वळेपर्यंत माणूस दोन भाषा बदलतो. भाजीवालीशी मराठी, बँकेत कानडी, कापडाच्या दुकानात दखनी, आणि शेजारीण गोव्याकडची असली तर जिन्यात कोकणी. समोरच्यानं तोंड उघडल्यावर पहिल्या दोन शब्दांतच ओळखावं लागतं, हा 'ओ'चा माणूस की 'री'चा? 'काय ओ' म्हणायचं की 'एन्री'? चुकलं तर एरवी काही बिघडत नाही, पण १ नोव्हेंबरच्या आसपास चुकलं तर बिघडू शकतं. तिकडे राज्योत्सव, इकडे काळा दिवस, आणि मधल्या रस्त्यावर दूध घ्यायला निघालेले आपण. अशा ठिकाणी वाढलेला माणूस आधी ऐकतो, मग बोलतो.

धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांची भाषा घरात मराठी आणि कवितेत कानडी. सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात ते कानडी शिकवत होते आणि पुढं ज्ञानपीठ मिळालं तेही कानडी कवितेला. शब्दांशी खेळ करण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता असं त्यांना ऐकलेली माणसं सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही. एका भाषेत राहणाऱ्याला आपले शब्द इतके अंगवळणी पडलेले असतात की त्यांच्यातली गंमत दिसत नाही. दोन भाषांतून रोज ये-जा करणाऱ्याला दोन्हीकडचे शब्द थोडे परके राहतात, आणि परक्या वस्तूकडे माणूस निरखून बघतो.

कोल्हापूरहून बेळगावला येणाऱ्या कर्नाटकच्या लाल गाडीतला एक प्रसंग सांगते. कागलला एक आज्जी चढल्या. डोक्यावर पाटी, पाटीत दोन कोंबड्या, वर जाळी. कंडक्टर 'मुंद होगरी, मुंद होगरी' करत गर्दी पुढं ढकलत आला आणि कोंबड्यांचं अर्धं अर्धं तिकीट मागितलं. कर्नाटकच्या गाडीत कोंबडीला तिकीट पडतं, हे आज्जींना माहीत असणारच, कारण त्या जराही चिडल्या नाहीत.

"काढ की तिकीट. मग तिला शीट दे."

"तिकीट अर्धं हाय ओ आज्जी. शीट कसं देऊ?"

"मग अर्धं शीट दे."

गाडीत हशा. कंडक्टर मशीनवर बोटं मारत होता, मान वर न करता म्हणाला, "पाटीत अंडं घातलं तर त्याला तिकीट नाही बघा. सहा वर्षांखाली फ्री."

मला वाटलं, झालं, आज्जी हरल्या. आज्जींनी पदरानं तोंड पुसलं, खिडकीतून बाहेर बघितलं. पुढं कोगनोळीचा नाका यायचा होता, तिथं महाराष्ट्र संपतो. म्हणाल्या, "नाक्याच्या अलीकडं घातलं तर अंडं म्हाराष्ट्राचं. पलीकडं घातलं तर तुझं."

कंडक्टर इतका हसला की त्याला एका हातानं दांडी धरावी लागली. तिकिटं मात्र त्यानं दोन्ही काढली आणि आज्जींनीही पैसे मोजून दिले. पाटीला ड्रायव्हरच्या मागं, पाय लागणार नाहीत अशी जागा मिळाली. तवंदी घाटात गाडी चढायला लागली तेव्हा आज्जी झोपल्या होत्या.

या संवादाकडे मी पुष्कळदा परत जाते. हजरजबाबी माणसाचं डोकं वेगानं चालतं असं आपण म्हणतो. मला तसं वाटत नाही. त्या दोघांनी काय केलं? समोरच्याचा शेवटचा शब्द झेलला, बस्स. कंडक्टरनं 'अर्धं' म्हटलं, आज्जींनी ते 'अर्धं' उचललं. आपण बहुतेक जण दुसरा बोलत असताना आपलं पुढचं वाक्य जुळवत असतो, त्यामुळं त्याचा शेवटचा शब्द हुकतो आणि घरी गेल्यावर रात्री अंथरुणात उत्तर सुचतं. शिवाय दोघांचाही रोख माणसावर नव्हता, नियमावर होता. आज्जींनी कंडक्टरची मराठी काढली नाही, कंडक्टरनं आज्जींचं अडाणीपण काढलं नाही. आणि सीमाप्रश्नासारखा अवघड जागेचा विषय, १९५६ पासून भिजत पडलेला, महाजन आयोग होऊन गेलेला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात बसलेला, तो त्या बाईनं एका अंड्यात आणून ठेवला आणि कुणाला लागलं नाही.

अ‍ॅरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्रात विनोदबुद्धीला चक्क सद्गुणांत बसवलंय. एका टोकाला काहीही करून हसवू बघणारा विदूषक, दुसऱ्या टोकाला स्वतःही न हसणारा आणि दुसऱ्याच्या हसण्यानं कपाळाला आठ्या घालणारा रुक्ष माणूस, आणि मधोमध हा विनोदबुद्धीचा माणूस. ठीक आहे. पण हा मध्य कुठं असतो ते अथेन्समध्ये बसून सांगणं सोपं. आमच्याकडे तो गल्लीगणिक सरकतो, आणि नाक्याच्या अलीकडे शोभलेला विनोद पलीकडे अंगाशी येऊ शकतो.

आता मामांकडे येते. माझे मामा निपाणीत एका बिडी कारखान्यात कारकून होते. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. हंगामात वखारी उघडल्या की हवेतच तंबाखूचा खकाणा असतो आणि परगावचा पाहुणा स्टँडवर उतरल्या उतरल्या शिंकायला लागतो. एकदा पंढरपूरकडचे कुणी सोयरे आले होते. निघायच्या वेळी उंबऱ्यातच शिंक आली, तशी ते अपशकुन म्हणून परत येऊन बसले. थोड्या वेळानं उठले, पुन्हा शिंक, पुन्हा बसले. मामा म्हणाले, "पाव्हणं, शिंक आली म्हणून बसायचं ठरवलं असतं तर निपाणी अजून वसलीच नसती."

देवचंद कॉलेज निपाणीचं म्हणून ओळखलं जातं, पण ते आहे अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात. मामांची मुलगी तिथं जायची. कुणी विचारलं, लेक काय करते, की मामा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "परराज्यात शिकायला आहे." समोरचा हळहळायचा, एवढ्या लांब मुलीला ठेवलंत? मग मामा म्हणायचे, "काय करणार. रोज दुपारी जेवायला येते तेवढंच."

हा चेहरा हे मामांचं अर्धं भांडवल होतं. आपल्या विनोदाला आपण आधी हसायचं नाही, आणि कळलं नाही तर समजावून सांगायचं नाही. एकाला ते दोन दिवसांनी कळलं आणि तो कारखान्यात येऊन हसून गेला.

पण याच घरात मामांपेक्षा तिखट माणूस होतं, आणि ते स्वयंपाकघरात होतं. पाहुण्यांसमोर मामा एकदा रंगात आले होते. म्हणाले, "आमच्या घरात अजून माझंच चालतं." आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मामी म्हणाल्या, "घड्याळपण चालतंय की भिंतीवर. बघतंय कोण?"

मामा पाहुण्यांच्याही आधी हसले, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन हे सगळ्यांना सांगून आले, 'आमच्या हिनं काल मला काय हाणलं' म्हणून. मला विचाराल तर विनोदी माणूस पारखायचा तो इथं. स्वतःच्या वाक्यावर टाळी घेणारे पैशाला पासरी असतात. आपल्यावर सुटलेल्या बाणाचं कौतुक करत तो बाण गावभर दाखवत फिरणारा क्वचित.

मामींना मात्र कुणी हजरजबाबी म्हटलं नाही. त्यांच्या सासूबाई 'तोंडाळ' म्हणायच्या, जावा 'आगाऊ' म्हणायच्या. बाईच्या जिभेला धार असली की ती संसाराला लागेल अशी भीती सगळ्यांना वाटते, आणि पुरुषाच्या जिभेला धार असली की त्याला व्याख्यानमालेला बोलावतात. मामींनी त्यावर तोडगा काढला होता. त्या चुलीकडे तोंड करून बोलायच्या. बोलणं कुणाला उद्देशून आहे हे सिद्ध करता येत नसे.

बिडी वळणाऱ्या बायकांना तेवढीही सोय नव्हती. मजुरी हजार बिड्यांवर. संध्याकाळी कारखान्यात बिड्या द्यायच्या, तिथं तपासणारा खराब म्हणून काही बाजूला काढणार, त्यांचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत. मामांच्या टेबलासमोर एका बाईच्या बिड्या अशाच मूठ-मूठभर बाजूला पडत होत्या. ती शांतपणे बघत होती. शेवटी म्हणाली, "मालक, नापास झालेलं पोरगं शाळा घरी पाठवून देती. तुमची शाळा नापासाला ठेवून घेती आन् पासाला गाडीत घालून बाहेर पाठवती. हिकडं कायतरी शिकवता काय त्येस्नी?"

ओळीतल्या सगळ्या बायका हसल्या. तपासणारा हसला. मामाही हसले, आणि आयुष्यभर त्यांनी हा किस्सा सांगितला. एकदा मी विचारलं, मग तिच्या बिड्या दिल्या का परत? मामा म्हणाले, "नाही." किस्सा सांगताना हा भाग ते कधी सांगत नसत. कुणी विचारतही नसे, कारण तोवर सगळे हसत असायचे.

विनोदाची ही जात वेगळी. वरच्यापुढं सरळ बोलण्याची सोय नसते तेव्हा ती उगवते. १९२९ साली बेळगावात साहित्य संमेलन भरलं त्याचे अध्यक्ष होते शिवराम महादेव परांजपे, 'काळ' या पत्राचे कर्ते. इंग्रज सरकारची स्तुती करतो आहे असं दाखवत त्याचे वाभाडे काढायचे, ही त्यांची रीत. वाचणाऱ्याला कळायचं, सरकारी अनुवादकाला पेच पडायचा. १९०८ साली राजद्रोहाखाली तुरुंगात जावं लागलंच, पण तोवर दहा वर्षं ती वाकडी लेखणी चालली. त्या बिडीवालीनं परांजप्यांचं नावही ऐकलेलं नसणार. तरी तिचा प्रश्न त्याच घराण्यातला. निपाणीचे महादेव मोरे, पिठाची गिरण चालवता चालवता लिहिणारे, २०२४ साली गेले. त्यांनी आपल्या लेखनात याच तंबाखूत राबणाऱ्या बायकांचं जग उभं केलं. गिरणीच्या घरघरीत बसून माणसाला इतकं बारीक ऐकू कसं येत असेल, याचं मला फार अप्रूप वाटत आलंय.

मामा कधी गप्प बसत, तेही सांगायला हवं. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर येऊन बसले. पहिल्या दिवसांत मामा रोज तिकडे जायचे आणि रोज एखादी गंमत घेऊन घरी यायचे. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्यानंतर त्या दिवसांतली एकही गंमत मामांच्या तोंडून कुणी ऐकली नाही. गोळीबाराच्या आधीची, निरुपद्रवी, एरवी सहज सांगता आली असती अशीसुद्धा नाही. कुणी आठवण काढली तर ते उठून आत जात, पाणी पीत, आणि आतच थांबत. गमतीचा माणूस म्हणून ज्याची ख्याती असते त्याच्याकडे लोक कुठल्याही प्रसंगी आशेनं बघतात. त्या आशेला नाही म्हणायचं मामांना जमत होतं. पुष्कळ नामवंतांना जमत नाही, तेराव्याच्या पंगतीतही ते सुटतात.

एवढं सगळं कौतुक मी करते, पण माझी मामेबहीण त्यावर फारशी खूश नाही. ती म्हणते, अण्णा (मामांना ती अण्णा म्हणते) बाहेर सगळ्यांना हवेहवेसे होते, पण त्यांना काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही, विनोद मिळायचा. तिच्या लग्नाचं चाललं होतं तेव्हा तिनं एकदा हिय्या करून विचारलं, अण्णा, तुम्हाला हे स्थळ मनापासून पटलंय का? अण्णा म्हणाले, "मला काय, मला तुझी आईसुद्धा पटली होती." सगळे हसले. तिला उत्तर हवं होतं. ती म्हणते, त्यांना माझी काळजी वाटत होती हे मला माहीत होतं, पण ती काळजी त्यांनी एकदाही साध्या वाक्यात माझ्यासमोर ठेवली नाही. मी तिला म्हटलं, तो त्यांचा स्वभाव. ती म्हणाली, स्वभाव कसला, सवय होती, आणि सगळ्या गावानं हसून हसून ती लावली होती. यावर मला बोलता आलं नाही. आपण हसलो की समोरच्याला सुटल्यासारखं वाटतं, आणि काही माणसांना आपण आयुष्यभर असं सुटू देतो.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा तिला फोन केला. घड्याळाचं वाक्य नीट आठवत होतं, तरी खात्री करून घ्यावी म्हणून. तिकडून ती भडकलीच. गेल्या महिन्यात तिच्या नणंदेच्या घरी एका कार्यात कुणीतरी तेच वाक्य सांगितलं, पण मामांच्या नावानं, आणि तेही उलटं करून. त्या कथेत मामी म्हणतात माझंच चालतं, आणि मामा म्हणतात घड्याळपण चालतंय. अण्णा होते तोवर 'हिनं हाणलं' म्हणून सांगायचे तरी. ते गेल्यावर हळूहळू आईचं सगळं त्यांच्या खात्यावर जमा होत चाललंय. "तू तरी लिहिताना नीट लिही. आणि एवढं एकच नको. दवाखान्यातलं पण घाल. ते आईचंच आहे, मी शेजारी उभी होते."

दवाखान्यातलं मला माहीत नव्हतं. मामींच्या शेवटच्या आजारपणात बेळगावच्या एका दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता, कानडी मुलगा, मोडकं मराठी जुळवत बोलणारा. नाडी बघून त्यानं अदबीनं विचारलं, "आज्जी, त्रास कुठं आहे तुम्हाला?"

मामींनी दाराकडे बोट केलं. "बाहेर बाकड्यावर बसलाय."